आर्डिसचं उघडं राहिलेलं दार

रिमोट बिघडला म्हणून हरखलेली बाई एल्बर्ग गावाने आजवर पाहिली नव्हती. जानेवारीतल्या एका मंगळवारी आर्डिस टोलेफ्सनने तीही दाखवली. घरासमोरच्या रस्त्यावर गाडी उभी करून ती मागे वळून बघत होती. गॅरेजचं दार सताड उघडं. तिने रिमोट दाबला, दार ढिम्म. पुन्हा दाबला, ढिम्म. गाडीची काच खाली करून, हात बाहेर काढून, दाराच्या रोखाने धरून दाबला, तरी ढिम्म. बाहेर थंडी अशी की नाकातल्या नाकात श्वास गोठावा, आणि ही बाई स्टिअरिंगवर थापा मारत हसत होती.

"मी दाबलं होतं," रिकाम्या गाडीत ती मोठ्याने म्हणाली. "दर वेळेला दाबलं होतं."

आता यात एवढं हसण्यासारखं काय, असं कोणालाही वाटेल. पण मिनेसोटातल्या त्या भागात घराचं पुढचं दार नावालाच असतं. ऑक्टोबरात त्याच्यापुढे बर्फ साचतो, आणि तो एप्रिलपर्यंत कोणी उपसत नाही. पाद्री आला तरी गॅरेजमधूनच येतो, बुटांवरचा बर्फ तिथेच झटकतो आणि तिथूनच स्वयंपाकघरात शिरतो. घराची किल्ली कुठे आहे हे विचाराल तर निम्मं गाव डोकं खाजवेल. गाडीत समोरच्या काचेवरच्या उन्हाच्या झडपेला अडकवलेला तो काड्यापेटीएवढा रिमोट हीच किल्ली. गाडी मागे घ्यायची, अंगठ्याने बटण दाबायचं आणि निघायचं. दार खाली आलं की नाही हे वळून बघणारा माणूस तिथे विरळा. बटण दाबलं म्हणजे दार लागलं, यावर त्यांचा देवाखालोखाल विश्वास.

आर्डिसचाही होता. आणि नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर तिचं दार तीन-चारदा उघडं सापडलं. ती चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेलेली असायची, नाहीतर दुकानात, आणि घर वाऱ्यावर. समोरच्या घरात व्हर्लिन राहायचा. बायको गेल्यापासून त्याचा मुक्काम खिडकीतच. तो उठायचा, रस्ता ओलांडायचा, चौकटीवरच्या बटणांवर तिचे गुपित आकडे दाबून दार लावायचा. आर्डिसचे आकडे त्याला पाठ, त्याचे आर्डिसला पाठ, तिथे यात कोणाला काही वाटत नाही. आणि मग घरी जाऊन तो फोन लावायचा. आर्डिसला नव्हे, फार्गो शहरात, तिच्या मुलाला, ब्रेंटला.

कारण एल्बर्गमध्ये तोंडावर बोलणं असभ्य समजतात. ज्याची गोष्ट, त्याला सोडून गावभर सांगायची आणि तो समोर आला की हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, याला तिथे सौजन्य म्हणतात. असलं सौजन्य वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

ब्रेंटनेही आईला काही विचारलं नाही. तो फक्त फोनवर जास्त वेळ हवामान विचारू लागला. नाताळात आला तेव्हा कॉफी ढवळता ढवळता म्हणाला, "आई, चर्चशेजारच्या त्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत कोपऱ्यातली खोली रिकामी झालीय. छान ऊन येतं म्हणे. तिथे गाडीसुद्धा लागत नाही."

"मला लागते," आर्डिस म्हणाली.

"एकदा बघायला काय हरकत आहे? जानेवारीच्या शेवटच्या रविवारी येतो मी. जाऊन हो सांगून टाकू."

"बघू," ती म्हणाली. तिथे 'बघू' म्हणजे 'नाही', हे शाळेतल्या पोरालाही कळतं. पण ब्रेंटला तो होकार हवा होता, त्यामुळे त्याने तो ऐकला.

आर्डिस काही हातपाय गाळून बसणारी बाई नव्हती. तीसेक वर्षं तिने शाळेची बस चालवली होती, तीही सपाट माळरानावरच्या आडव्या वाऱ्यात, जिथे हिमवादळात रस्ता कुठला आणि शेत कुठलं ते कळत नाही. तिच्या बसमध्ये मारामारी करणारी पोरं आता स्वतः आजोबा व्हायला आली, तरी दुकानात ती दिसली की टोपी काढतात. नवरा लोवेल गेल्यावर गटाराच्या नळ्या तिने स्वतः बदलल्या. 'मला येतं' हे तिचं आवडतं वाक्य, आणि बहुतेक वेळा ते खरं असायचं.

पण या दाराने तिला आतून पोखरलं होतं. घरी परतल्यावर दारापाशी बर्फात समोरच्या घराकडून आलेले बुटांचे ठसे तिला दिसायचे, आणि एकदा तर दारच उघडं सापडलं होतं. तिची आई शेवटची काही वर्षं तिला मावशीच्या नावाने हाक मारायची, आणि चपला ओव्हनमध्ये ठेवायची. त्यामुळे ब्रेंटचा फोन ठेवला की आर्डिस एकटी बसून आठवायची. मी बटण दाबलं होतं का? अंगठा तिथे गेला होता का? रोज करतो ती गोष्ट आठवायला जावं तर हाताला काहीच लागत नाही. ती घाबरली होती. चांगलीच घाबरली होती, आणि हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. तीही एल्बर्गचीच ना.

मग त्या मंगळवारी तिने साधी गोष्ट केली. रस्त्यावर गाडी थांबवली आणि मागे बघितलं. बसच्या आरशात तिने जन्मभर मागच्या पोरांकडे बघितलं होतं, स्वतःच्या घराकडे कधी बघितलं नव्हतं. दार उघडंच होतं, आणि अंगठा बटणावर होता. बिघडलं होतं ते यंत्र, ती नव्हे. हसू नको तर काय करू?

हसू ओसरलं तशी ती गाडी वळवून परत आली. थेट गॅरेजमध्ये, दार ओढणाऱ्या छतावरच्या मोटरीखाली. आणि तिथे बटण दाबलं तर दार गुमान खाली आलं.

"अस्सं," आर्डिस दाराला म्हणाली. "माझ्याशी खेळतंस काय?"

तिने बॅटरी बदलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दार उघडलं, गाडी बाहेर काढली, रस्त्यावरून दाबलं, काही नाही. मग तिने दाराच्या कंपनीचा माणूस बोलावला. तो आला, मोटरीखाली उभा राहिला, रिमोट दाबला. दार खाली. दाबला. दार वर. त्याने रिमोटची ओळख पुसून मोटरीला नव्याने करून दिली, दाराच्या तळाशी असलेले सेन्सरचे दोन्ही डोळे फडक्याने पुसले, मोटरीतून लोंबणारी अँटेनाची तार सरळ केली.

"सगळं ठीक आहे, मॅडम."

"रस्त्यावरून चालत नाही."

"आता चालेल." तो हसला. तसं हसू नर्सांच्या तोंडावर असतं. "कधीकधी काय होतं, आपल्याला वाटतं आपण दाबलं, पण गडबडीत राहून जातं. माझ्या आजीचंही व्हायचं."

"तुमची आजी बस चालवायची का?"

"नाही."

"मग तिचं राहू द्या," आर्डिस म्हणाली, आणि त्याला कॉफी न विचारता वाटेला लावलं. एल्बर्गमध्ये याहून मोठा अपमान नाही.

दुसऱ्या दिवशी दार पुन्हा ढिम्म.

आता आर्डिसच्या अंगात बस चढली. रोज पहाटे बस काढण्याआधी तिला गाडीभोवती एक फेरी मारावी लागायची. दिवे, टायर, आरसे, पायरी. एकेका गोष्टीला हात लावायचा, मगच पुढची. आणि काही बिघडलेलं असलं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि गाडी चालू झाली, तर कशामुळे झाली ते कळत नाही आणि आठवड्याने ती पुन्हा बंद पडते. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, थंडीने शिकवलं होतं.

शनिवारी सकाळी तिने व्हर्लिनला फोन केला. "खिडकीतून बघतोच आहेस, तर इकडे येऊन बघ. जवळून जास्त दिसतं."

व्हर्लिन आला. कानटोपी, दोन कोट, आणि हातात लिंबाच्या वड्यांचा डबा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. आर्डिसने गॅरेजमध्ये उन्हाळ्यातली घडीची खुर्ची मांडली, त्याला बसवलं, हातात कॉफीचा मग दिला.

"तू इथे बसायचं. मी टपालपेटीपाशी उभी राहून दाबणार. आत काय काय होतं ते तू ओरडून सांगायचं."

"काय होणार?"

"ते माहीत असतं तर तुला बोलावलं असतं का?"

ती बर्फातून पाय ओढत रस्त्याकडेच्या टपालपेटीपाशी गेली. दार तिने भिंतीवरच्या बटणाने उघडून ठेवलं होतं. तिने रिमोट दाबला. काही नाही.

"काय होतंय?" ती ओरडली.

"काही नाही. कॉफी पितोय."

पुन्हा दाबला. पुन्हा काही नाही. व्हर्लिनने वडी काढली. हवेचं बोलून झालं, पाद्र्याच्या गुडघ्याचं बोलून झालं, सगळं ओरडून. मग व्हर्लिन थांबला, मगात बघत राहिला, आणि न ओरडता, पण ऐकू येईल असं म्हणाला, "आर्डिस, ब्रेंटला मीच फोन करायचो."

"माहितेय मला."

"तुला माहीत होतं?"

"नाहीतर फार्गोत बसून त्याला माझं दार दिसतं होय? मला का नाही सांगितलंस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि आता काय, उकळ्या फुटल्या?"

व्हर्लिनने यावर मान खाली घातली. तेवढ्यात त्याच्या डोक्यावरचा दिवा विझला. मोटरीला एक दिवा असतो, दार हललं की लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप जातो. "दिवा गेला," तो म्हणाला. "एवढंच झालं. मी म्हणत होतो की मला खरोखरच..."

आर्डिसने बटण दाबलं होतं. दार खडखडत खाली आलं आणि व्हर्लिनची क्षमायाचना अर्ध्यावर बंद झाली.

"आर्डिस?" आतून आवाज आला.

"दिवा आहे का तिथे?"

"आहे. आत्ताच लागला."

तिने दाबलं. दार हलेना. "उघडतंय का?"

"नाही. भिंतीवरचं बटण दाबू?"

"जागचा हलू नकोस. दिवा जाईपर्यंत बसून राहा."

"मला बाथरूमला जायचं असेल तर?"

"आहे का जायचं?"

"नाही," व्हर्लिन कबूल झाला.

ती बर्फात पाय आपटत उभी राहिली. पायांची बोटं बधिर झाली होती, पण आता ती जागची हलणार नव्हती. अखेर आतून "गेला" असा आवाज आला, आणि तिने दाबताक्षणी दार वर गेलं. दिवा लागला. दाबलं, ढिम्म. दिवा गेला. दाबलं, खाली. तिने हे पुन्हा केलं, आणि पुन्हा. तोवर व्हर्लिनच्या सगळ्या वड्या संपल्या होत्या.

उजेडात बहिरं, अंधारात कान शाबूत. आर्डिसला एकदम बसमधला, शाळेशी बोलायचा रेडिओ आठवला. हीटरचा पंखा पूर्ण वेगात सोडला की रेडिओवर खरखर सुरू व्हायची आणि शाळेत तो ऐकणाऱ्या बाईला हिचं एक अक्षर ऐकू जायचं नाही. अगदी जवळ तोंड नेऊन ओरडलं तरच जायचं. म्हणजे हा दिवाच रिमोटच्या लहरींत खरखर करतो आहे. मोटरीखाली उभं राहिलं तर रिमोटचा आवाज खरखरीतूनही पोचतो, रस्त्यावरून पोचत नाही. आणि घरातून निघताना दार उघडलेलं, म्हणजे दिवा हमखास लागलेला. म्हणून जाताना दार ऐकत नाही आणि येताना ऐकतं. निघण्याआधी गाडी तापवत बसलं आणि दिवा विझला, तर तेवढ्या दिवशी ऐकतं. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

तिने शिडी आणली.

"शिडीवर चढायचं नाही म्हणून ब्रेंटने..." व्हर्लिन म्हणाला.

"हा फोनही करणार आहेस का?"

व्हर्लिनने मुकाट्याने शिडी धरली. तिने बल्ब फिरवून काढला, खाली उतरली, टपालपेटीपाशी गेली आणि दाबलं. दार खाली. लगेच दाबलं. वर. खाली. वर. अख्ख्या गल्लीने पडदे सरकवून बघितलं असेल.

"हा बल्ब नवा दिसतो," व्हर्लिन डोळे बारीक करून म्हणाला. "कोणी बसवला?"

आर्डिस हातातल्या बल्बकडे बघत राहिली. थँक्सगिव्हिंगच्या जेवणानंतर ब्रेंट बाह्या सरसावून सगळ्या घरभर फिरला होता. कमी वीज खाणारे, वर्षानुवर्षं टिकणारे बल्ब त्याने फार्गोहून खोकाभर आणले होते, आई शिडीवर चढायला नको म्हणून. जाताना गॅरेजमधलाही बदलला होता. आणि त्यानंतर पंधरा दिवसांत पहिल्यांदा दार उघडं सापडलं होतं.

"माझ्या लेकाने," ती म्हणाली. "मायेने." चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फास ओढणारा चोरच.

तिला राग आला. खोटं कशाला बोला, चांगला सणसणीत आला. त्याच रात्री फोन करून त्याला सरळ करावा असं मनात आलं. पण तिने तो बल्ब पुन्हा जागेवर बसवला. रविवारी तो यायचाच होता.

ब्रेंट आला, त्याच्या हातात फुलं होती आणि चेहरा अंत्यविधीला आल्यासारखा. आधी चर्च झालं, मग कीमा-बटाट्याचं हॉटडिश, मग कॉफी. तोवर आर्डिसने चकार शब्द काढला नाही. ब्रेंटने घड्याळ बघितलं. "निघू या का आई? त्या बाई वाट बघत असतील."

"निघू. माझी गाडी घे. तूच चालव."

यावर त्याला जरा बरं वाटलेलं दिसलं, आई स्वतःहून स्टिअरिंग सोडते म्हणून. त्याने भिंतीवरच्या बटणाने दार उघडलं, गाडी बाहेर घेतली, रस्त्यावर वळवली, झडपेवरचा रिमोट दाबला आणि निघाला.

"थांब," आर्डिस म्हणाली. "मागे बघ."

त्याने बघितलं. दार उघडं. त्याने पुन्हा दाबलं. मग झडपेवरून रिमोट काढून, मागच्या काचेकडे हात करून दाबलं. अंगठा पांढरा होईपर्यंत दाबलं.

"दाबायला विसरलास का?" आर्डिसने विचारलं.

त्याने आईकडे बघितलं. ती हसत नव्हती. मग तिने त्याला सगळं सांगितलं. गाडी तिथेच उभी, हीटर चालू, आणि ती एकेक गोष्ट सांगत गेली, टपालपेटी, व्हर्लिन, दिवा, खरखर. शेवटी त्याला खाली उतरवून बल्ब त्याच्याच हाताने काढायला लावला. शिडी तिने धरली. ब्रेंट रस्त्यावर गेला, रिमोट दाबला, आणि दार सुतासारखं खाली आलं. तो तिथे बर्फात उभा राहिला, एका हातात रिमोट, दुसऱ्या हातात बल्ब. पन्नाशीचा माणूस, पण आर्डिसला बसमध्ये चढताना घसरून पडलेला पहिलीतला पोरगा दिसला.

"मीच लावला होता," तो गाडीत बसत म्हणाला.

"हो."

"आणि मी तुला म्हणालो की..."

"तू म्हणालाच नाहीस," आर्डिस म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता, आणि तिने तो चढू दिला. "तेच तर दुखलं, ब्रेंट. तू व्हर्लिनला विचारलंस, बायकोला विचारलंस, त्या इमारतीतल्या बाईला विचारलंस. मला एकदाही नाही. मी रात्र रात्र बसून आठवत होते की मी बटण दाबलं की नाही. मला माझी आई दिसत होती. आणि माझा मुलगा मला फार्गोत किती बर्फ पडला ते सांगत होता."

ब्रेंटने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"भीती वाटत होती," तो म्हणाला. "विचारलं आणि तू हो म्हणालीस तर?"

"मलाही तीच वाटत होती. दोघांना वाटत होती तर एकत्र वाटून घेतली असती."

मग त्याने मान वळवली, तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि त्यांच्या घरात आजवर कोणी कोणाला असं थेट विचारलं नव्हतं ते विचारलं.

"आई, तू विसरतेस का?"

"नावं विसरते," आर्डिस म्हणाली. "परवा पाद्र्याच्या बायकोचं विसरले. चष्मा कुठे ठेवला ते रोज विसरते. रस्ता नाही विसरत, औषध नाही विसरत, गॅस नाही विसरत. ज्या दिवशी विसरायला लागेन त्या दिवशी पहिला फोन तुला करीन. मी घाबरून केला नाही, तर तू करायचास, आणि हेच विचारायचंस. करशील?"

"करीन."

"बर्फाचं आधी विचारलंस तर फोन ठेवीन."

ब्रेंट हसला, आणि हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले. मग खिशातून फोन काढून त्याने इमारतीतल्या बाईला कळवलं की टोलेफ्सन मंडळी आज येणार नाहीत, खोली दुसऱ्या कोणाला दिली तरी चालेल. फोन ठेवून तो खाली उतरला, गाडीच्या पुढून वळसा घालून तिच्या बाजूला आला आणि तिचं दार उघडलं.

"सरक," तो म्हणाला. "तू चालव."